‘नाही’ म्हणायची तालीम

“तुम्ही कधी एखादं सरकार उलथून टाकायचा प्रयत्न केला आहे का?” मी विचारलं.

“हो,” आजी म्हणाल्या.

“कधी कुणाचा छळ केला आहे का? किंवा छळ करायला मदत?”

“हो. माझं चुकलं. सगळं कबूल आहे.”

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली आणि दोन्ही हात अंगाशी चिकटवून बसून राहिल्या. वय ब्याऐंशी, उंची माझ्या खांद्याला लागेल न लागेल एवढी, अंगात लेकीचा जुना जाड स्वेटर. समोर टेबलावर निवडायला घेतलेली कांद्याची पात. या बाईंनी आयुष्यात मुंगीसुद्धा जाणूनबुजून चिरडली नसेल. मला हसू फुटणार होतं, पण शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीचा चेहरा पाहिला आणि ते घशातच राहिलं.

“पुन्हा विचार,” लेक म्हणाली.

हे २००४ च्या जानेवारीतलं, ॲन आर्बरमधलं. आजी उत्तर चीनमधल्या एका खेड्यातल्या. लेक इथल्या एका प्रयोगशाळेत संशोधक होती, बरीच वर्षं अमेरिकेत राहून नागरिक झालेली. वयाने ती माझ्या आईएवढी, पण त्या घरात ती लेकच होती, म्हणून मीही तिला इथे लेकच म्हणते. तिने आईला टूरिस्ट व्हिसावर आणलं होतं आणि आता तिच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला होता. फेब्रुवारीत डेट्रॉइटच्या इमिग्रेशन ऑफिसात मुलाखत होती. ती नीट पार पडली तर आजी लेकीजवळ राहणार. नाही पडली तर परत त्या गावी, जिथे त्यांचं म्हणावं असं एकही माणूस उरलं नव्हतं आणि त्यांच्या राहत्या खोलीत पुतण्याने कोंबड्या ठेवल्या होत्या.

आजींना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मुलाखतीला दुभाषा लागतो आणि तो घरचा चालत नाही. गावात चिनी माणसांना काही तोटा नव्हता, पण लेकीला चिनी माणूस नको होता. “आमच्या लोकांना आमच्या घरचं काही कळायला नको,” एवढंच ती म्हणाली. मग उरले मी. खालच्या मजल्यावर राहणारी, चिनी बोलणारी सोलापूरची मुलगी.

मी चिनी का शिकले हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की आता कुणी विचारला की डोक्यात तिडीक जाते. मी चीनचा इतिहास शिकत होते. १९४९ नंतर तिथल्या खेड्यांमध्ये जमिनींचं वाटप कसं झालं, जमीनदार कुणाला ठरवलं, गावोगाव सभा भरवून त्यांचा निकाल कसा लावला, यावर माझा प्रबंध चालू होता. ॲन आर्बरच्या मराठी मंडळींत हे सांगितलं की हमखास कुणीतरी काका म्हणायचे, “अगं, बासष्ट साली त्यांनी आपली काय दशा केली आणि तू त्यांची हिस्ट्री शिकतेस?” मी म्हणायचे, “त्याच्या आधी कुणीतरी शिकायला हवी होती, काका.” मग मला पुढच्या गणपतीला आरास लावायला बोलवायचे नाहीत. बरंच झालं.

आजींची ओळख मी माझ्या हाताने बिघडवून सुरू केली होती. आधीच्या दिवाळीत मी त्यांच्याकडे शंकरपाळे घेऊन गेले. आजी खुर्चीवर बसल्या होत्या. डबा ठेवला आणि सवयीने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. दिवाळीला म्हाताऱ्या माणसासमोर गेलं की माझी कंबर आपोआप वाकते, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. आजी किंचाळल्या. पाय असे ओढून घेतले की खुर्ची मागे कलंडता कलंडता राहिली. माझ्या बोटांना तेवढ्यात कळलं होतं की त्या कापडी बुटांतले पाय लहान मुलाच्या पायांएवढे आहेत, आणि त्यांचा आकार भलताच आहे.

मी वर्षानुवर्षं पुस्तकांतून पाय बांधण्याच्या चालीबद्दल वाचत आले होते. पाच-सहा वर्षांच्या पोरीची बोटं तळव्याखाली दुमडायची आणि हाडं वाकेपर्यंत कापडाने आवळायची. त्या पायांना नवऱ्यासमोरही उघडं करत नाहीत, परक्याने हात लावणं ही तर बेअब्रूच. हे सगळं पाठ असलेली मी, आणि घातला की हात! शरमेने मेल्यासारखं झालं. मी जमिनीवर गुडघे टेकूनच माफी मागायला लागले, तर आजींनी माझं मनगट धरून मला खसकन वर उचललं. एवढ्याशा बाईत एवढा जोर.

“गुडघे टेकू नकोस,” त्या म्हणाल्या. “उठ आधी. कुणी पाहिलं तर?”

आणि त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर पार्किंग होतं, दोन गाड्या होत्या, माणूस कुणीच नव्हतं.

त्यानंतर मात्र त्यांनी मला जवळ केलं. लेक दिवसभर प्रयोगशाळेत. मी दुपारी वाचायला म्हणून वर जायचे आणि आजी बोलायला लागायच्या. माझं चिनी पुस्तकी, त्यांचं गावरान, त्यामुळे सुरुवातीला निम्मं डोक्यावरून जायचं. त्यांच्या जन्माआधीच बादशहा गादीवरून गेला होता. पण त्यांच्या आजोबांनी आपली कापलेली वेणी पेटीत जपून ठेवली होती. बादशहा परत आला तर? त्याच्या राज्यात पुरुषाला वेणी नसेल तर डोकं जायचं. आणि बादशहा गेला तरी सासवा कुठे गेल्या होत्या? मोठ्या पायांची सून त्यांना चालत नव्हती, म्हणून आजींचे पाय बांधलेच. पुढे बांधायची बंदी आली, आजींनी कापड सोडलं, पण हाडं काही सरळ झाली नाहीत. मग आसपासच्या सेनापतींचे शिपाई आले, मग जपानी आले, मग राष्ट्रवादी फौजा. “जो आला त्याने धान्य नेलं,” आजी म्हणायच्या. “नेलं आणि गेले. शेवटी जे आले ते गेले नाहीत. त्यांनी सभा घेतली.”

सभेत आजींच्या नवऱ्याला जमीनदार ठरवलं. जमीन किती, तर आमच्या बार्शीकडच्या एखाद्या बऱ्यापैकी शेतकऱ्याची असते तेवढी. पण गावात कुणीतरी जमीनदार असायलाच हवा होता. तो शिक्का नवऱ्यावर बसला, बायकोवर बसला आणि पोराबाळांवरही बसणार होता. शाळेत, नोकरीत, लग्नात, जाईल तिथे. जन्माने चिकटणारं असं काही असतं हे मला चीनमध्ये जाऊन शिकायची गरज नव्हती, मी महाराष्ट्रातून आले होते.

तर ती तालीम. सवाल-जवाब सुरू केले त्या आठवड्यात आजी प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत होत्या. अटक झाली होती का? हो. गुन्हा केला का? हो. दारूगोळा लपवला का? हो. फक्त एका प्रश्नाला त्या खुदकन हसल्या. तुम्ही कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद होतात का? “मला कोण घेतंय!” त्या म्हणाल्या. बाकी सगळं कबूल. आणि मुलाखतीत यातलं एखादं ‘हो’ जरी तोंडातून गेलं तरी कारभार आटोपला.

लेक चिडायची. तिचं चिडणं म्हणजे आवाज चढत नसे, उलट अगदी खाली जायचा. “आई, ही अमेरिका आहे. इथे हो म्हणायचं नाही.” आजी मान डोलवायच्या. मी पुन्हा विचारायचे. पुन्हा हो.

एकदा लेक कामावर गेल्यावर मीच न राहवून विचारलं, “आजी, जे केलं नाही ते केलं म्हणून का सांगता?”

त्या कांद्याची पात खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, “सभेत त्यांनी नवऱ्याला विचारलं, चांदी कुठे पुरलीस? चांदी नव्हतीच. तो नाही म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हणाला. मला विचारलं, मी हो म्हटलं. कुठे म्हणाले, तर विहिरीकडे बोट दाखवलं. ते विहीर उपसत बसले आणि मला घरी जाऊ दिलं. तो नाहीच म्हणत राहिला. तो घरी आला नाही.”

अशा सभांवर मी पानंच्या पानं लिहिली होती, तळटिपांसकट. त्यांत चांदी होती, विहीर होती, सगळं होतं. पण समोर बसून पात खुडणारी बाई त्यांत नव्हती.

संध्याकाळी लेक आली तशी मी तिच्यावर भडकले. मी वयाने केवढी, ती केवढी, काही पाहिलं नाही. “तुम्हाला माहीत आहे ना त्या का हो म्हणतात? तुम्ही त्यांना नवऱ्याने केलं तेच करायला सांगताय!”

“मला माहीत आहे,” ती कोट काढत म्हणाली. “तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथे हो म्हणणारा घरी जायचा, इथे नाही म्हणणारा घरी येतो. तिला एवढंच शिकवायचं आहे. तुला जमत नसेल तर सांग.”

तिचं बरोबर होतं म्हणून मला आणखी राग आला. मी पाय आपटत खाली गेले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर.

उपाय शेवटी सापडला तो मासळीवाल्याकडे. शनिवारी आम्ही आजींना चिनी किराणा दुकानात घेऊन जायचो. तिथे काचेच्या टाकीत जिवंत मासे असायचे आणि दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळ्यात शिळा मासा मारायला बघायचा. घरात मान खाली घालून बसणाऱ्या आजी तिथे वेगळ्याच व्हायच्या. हा घ्या, ताजा आहे. नाही. मग हा? नाही. आजच आलाय. नाही! कल्ले उचलून बघायच्या आणि नाक मुरडायच्या. कुणाची टाप होती त्यांना शिळा मासा विकायची?

मी लेकीला कोपराने ढोसलं. “हा आवाज,” मी म्हटलं. “हाच आवाज हवाय आपल्याला.”

त्या दिवसापासून तालमीत मी इमिग्रेशन ऑफिसर न राहता मासळीवाला झाले. सरकार उलथवलं का, हा घ्या ताजा आहे. नाही! छळ केला का? नाही! अटक झाली होती का? इथे त्या थोड्या घुटमळायच्या, मग तेही. नाही! अटक अशी कधी झालीच नव्हती, गावातल्या सभेला अटक म्हणत नाहीत, असं लेकीने पुन्हा पुन्हा समजावलं. आठवड्याभरात आजी असे फटाफट नकार द्यायला लागल्या की ऐकून मला गंमत वाटायची. लेक मी पहिल्यांदाच हसताना पाहिली. नाव, जन्मसाल, गाव, पत्ता हेही घोटून घेतलं. एक प्रश्न मात्र आम्ही कधी विचारलाच नाही. तो प्रश्न आहे असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी एका मराठी काकूंकडे जेवायला गेले होते. त्या डॉक्टर, इथे तीसेक वर्षं काढलेल्या, मला पोटच्या मुलीसारखं वागवणाऱ्या. मी उत्साहात सगळं सांगितलं. काकूंनी हातातला डाव खाली ठेवला.

“ओथ घ्यायला लावतात ना तुला?”

“हो, इंटरप्रिटरला शपथ असते. जे बोलतील ते जसंच्या तसं ट्रान्सलेट करायचं.”

“मग ऐक माझं. त्या म्हातारीने काहीही वेडंवाकडं आन्सर केलं तरी तू तेच सांगायचं. उगाच दया येऊन ‘हो’चं ‘नाही’ केलंस ना, तर फेडरल ऑफिसमध्ये खोटं बोललीस असं होईल. तू स्टुडंट व्हिसावर आहेस बाळा. आणि सध्या हे लोक कसे चेक करतायत बघतेस ना? तुझं स्टेटस जाईल, पीएचडी जाईल. त्यांचं जे व्हायचं ते होईल.”

“काकू, तसं काही होणार नाही. चोख तयारी झालीय.”

“नको जाऊस, कॅन्सल कर. सिक आहे म्हणून सांग.”

मी कॅन्सल केलं नाही, पण घरी आल्यावर जेवण अंगावर आलं. काकूंचा राग आला होता तो त्या चुकीचं बोलल्या म्हणून नव्हे. त्या म्हणत होत्या ते माझ्या मनात आधीच होतं आणि मी ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी बर्फ पडत होतं. लेक ड्राइव्ह करत होती, मी पुढे, आजी मागे. हायवेला मीठ टाकणारे ट्रक संथपणे चालले होते आणि लेक त्यांच्या मागून स्टीअरिंग घट्ट धरून चालवत होती. मध्येच मागून आजींचा आवाज आला, “नाही.” मी वळून पाहिलं तर त्या खिडकीबाहेर बघत स्वतःशी तालीम करत होत्या. नाही. नाही. नाही.

ऑफिसात आधी तपासणी. कोट काढा, बूट काढा. त्या सुमारास सगळीकडेच बूट काढायला लावायचे. आजींनी बूट काढायला नकार दिला, तोही मासळीवाल्याकडच्या आवाजात. पहारेकरी बाई गोंधळली. लेकीने तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, त्या बाईने आजींच्या पायांकडे एकदा पाहिलं, यंत्र नुसतं बुटांवरून फिरवलं आणि जा म्हणाली. मला वाटलं, चला, दिवस बरा दिसतोय.

ऑफिसर मध्यमवयीन होता, सर्दी झालेला, वागायला नीट. लहानशी खोली, टेबल, टेबलावर आमची जाडजूड फाइल, भिंतीवर राष्ट्राध्यक्षांची तसबीर. आम्हा तिघींना उभं करून उजवा हात वर करायला सांगितला. मी शपथ घेतली आणि आजींना त्यांची शपथ सांगितली. त्या ऑफिसरकडे बघत नव्हत्या, तसबिरीकडे बघत होत्या. हे मी पाहिलं, पण गावच्या सभांमध्येही मागे नेत्याची अशीच तसबीर टांगलेली असायची हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

कागदपत्रांबद्दल त्याने आधी लेकीला विचारलं. जन्माचा दाखला मूळचा नव्हता, फार नंतर चीनमध्ये करून घेतलेला होता. त्यावर तो थोडा रेंगाळला, मग पुढे गेला. मग आजी. नाव? सांगितलं. गाव? सांगितलं. मग ते प्रश्न. एकेक मी चिनीत सांगत होते आणि आजी उत्तर देत होत्या. सरकार? नाही. छळ? नाही. अटक? या वेळी त्या घुटमळल्या नाहीत. नाही. पक्ष? नाही. शेवटचा प्रश्न संपला आणि माझा जीव भांड्यात पडला. लेकीने पर्सवरचे हात सैल सोडले. ऑफिसरने पेनाचं टोपण लावलं, रुमालाने नाक पुसलं आणि बोलायचं म्हणून आजींना म्हणाला, “आणि या तुमच्या कन्या, हो ना?”

मी ते चिनीत विचारलं. हसतच विचारलं.

“नाही,” आजी म्हणाल्या.

मला वाटलं, जीभ घसरली. इतके दिवस नाही-नाहीच घोटलं आहे. पण शपथ होती. ऑफिसर माझ्याकडे बघत होता. काकूंचा डाव खाली ठेवणारा हात मला दिसला. मी म्हटलं, “त्या नाही म्हणतात.”

त्याने टोपण काढलं. “पुन्हा विचारा.”

मी पुन्हा विचारलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. आजींनी मान खाली घातली, हात अंगाशी चिकटवले, आणि त्यांचा आवाज मासळीवाल्याकडचा नव्हता.

“नाही. हिचा माझा काही संबंध नाही. ही गिरणी कामगाराची मुलगी आहे. हिच्यावर कसला शिक्का नाही. जे काही असेल ते माझं आहे. हिला यात ओढू नका.”

मी हे सगळं इंग्रजीत सांगितलं. लेकीकडे बघायची हिंमत झाली नाही. ऑफिसरने फाइल पुन्हा उघडली, दाखल्याचं पान काढलं आणि लेकीला म्हणाला, “मॅडम, तुमचा अर्ज या नात्यावर उभा आहे. मला आत्ता याचं कारण कळलं नाही तर मला ही केस फसवणूक म्हणून पुढे पाठवावी लागेल.”

लेक ताठ बसली होती. ती आधी माझ्याकडे वळली आणि चिनीत म्हणाली, “मी आता जे सांगणार आहे ते तिला सांगू नकोस.”

“काय म्हणाल्या त्या?” ऑफिसरने लगेच विचारलं.

असा राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल जेवढा त्या क्षणी तिचा आला. मला कुठे आणून उभं केलं हिने! “त्या म्हणतात, पुढचं आईला ट्रान्सलेट करू नकोस.”

“इथे जे बोललं जाईल ते अर्जदाराला कळलं पाहिजे,” तो म्हणाला. “सगळं.”

लेकीने डोळे मिटले, उघडले आणि इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. प्रयोगाचा निष्कर्ष सांगावा तशी, एकेक वाक्य. मी मागून चिनीत सांगत गेले.

“माझे वडील जमीन वाटपाच्या वेळी गेले. मी तेव्हा अंगावर पीत होते. आईने मला तालुक्याच्या गावी, मूलबाळ नसलेल्या एका गिरणी कामगार जोडप्याकडे नेऊन दिलं. कायद्याने दत्तक वगैरे काही नाही. माझ्या नावापुढे जमीनदाराची मुलगी असं लागू नये म्हणून. बाजाराच्या दिवशी ती भाजी विकायला यायची आणि आमच्या दारासमोर बसायची. ती कोण आहे हे मला मोठं झाल्यावर कळलं. आमच्याबद्दल कुणी विचारलं तर दोघींनी नाही म्हणायचं, हे तिने ठरवलं होतं.”

ऑफिसर लिहीत नव्हता.

“मी सतरा वर्षांची होते तेव्हा सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि आमच्या शाळेतली मुलं दंडाला लाल पट्ट्या बांधून खेड्यांत जायला लागली. जुन्या जमीनदारांना धरून सभा घ्यायची. एके दिवशी तिच्या गावी नेलं. ती मंचावर उभी होती, गळ्यात पाटी, मान वाकवलेली. माझ्या वर्गातल्या काहींना कुणकुण होती. ते माझ्याकडे बघत होते. मग मी घोषणा दिली. तिचं नाव घेऊन.” ती थांबली. “हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तिने मला पाहिलं नव्हतं. तिला मान वर करायची परवानगी नव्हती.”

त्या सभांना चिनीत जो शब्द आहे तो माझ्या प्रबंधात शेकडो वेळा आला होता. तो आजींसमोर उच्चारताना माझी जीभ जड झाली. पण सांगितलं. घोषणेचंही सांगितलं. आजी टेबलाच्या कडेकडे बघत ऐकत होत्या. माझं बोलून झालं. मग त्यांनी पहिल्यांदा मलाच प्रश्न विचारला.

“याला खरं सांगितलं तर हिची नोकरी जाईल का?”

मला ओरडून सांगायचं होतं, नाही हो आजी, इथे तसं काही नसतं. पण मला स्वतःचं काही बोलायची मुभा नव्हती. मी प्रश्न होता तसा ऑफिसरपुढे ठेवला.

त्याला तो कळायला क्षणभर लागला. मग माझ्याकडे न बघता तो थेट आजींकडे बघून म्हणाला, “नाही, मॅडम. यांना काहीही होणार नाही.”

मी सांगितलं. आजींनी त्याचा चेहरा नीट निरखून पाहिला.

“मग हो,” त्या म्हणाल्या. “माझी आहे.”

ऑफिसरने दोघींच्या रक्ताची तपासणी करून आणायला सांगितलं आणि निकाल येईपर्यंत फाइल उघडी ठेवली. तपासणी झाली, निकाल आला, आणि त्या उन्हाळ्यात आजींचं कार्डही आलं. पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. तो कागद भरत होता आणि आम्ही तिघी खुर्च्यांवर तशाच बसून होतो. लेक रडत होती, आवाज न करता, आईकडे पाठ फिरवून.

आजींनी तिच्या बाहीला हात लावला.

“मान वर करू देत नव्हते, पण कान होते ना,” त्या म्हणाल्या. “तुझा आवाज मी ओळखला. सगळ्यांत मोठ्याने तूच ओरडलीस. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, सुटली पोर, आता हिच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही.”

ऑफिसरने लिहिता लिहिता विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. तो लिहायचा थांबला आणि त्याने पेनाला टोपण लावलं.